मागच्या चाकांचा माग : रेमंड मेजच्या चढांवर नऊ दिवस

इंग्लंडमध्ये मोटार शर्यत म्हटली की लोकांना सिल्वरस्टोन आठवतं. पण दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिथला मोठा खेळ होता चढाईचा : एका वेळी एकच गाडी, उभ्या जागेवरून सुरुवात, डोंगराच्या अरुंद रस्त्यावर हजारेक यार्ड आणि वर घड्याळ. या खेळातला सर्वांत चिवट माणूस रेमंड मेज. जन्म 1899, पहिल्या शर्यती 1921 मध्ये आणि 1947 व 1948 ही ब्रिटिश चढाई अजिंक्यपदाची पहिली दोन्ही वर्षं त्याच्याच नावावर. त्याची सगळी कारकीर्द एकाच प्रश्नाभोवती फिरते. इंजिनात ताकद वाढवता येते, पण ती मागच्या दोन चाकांतून रस्त्याला कशी द्यायची? हा प्रश्न डोक्यात ठेवून ही वाट केली तर प्रत्येक मुक्कामी काहीतरी हाताला लागतं.

वेळापत्रक शेवटाकडून आखायचं. विंटेज स्पोर्ट्स-कार क्लबची शेल्सली वॉल्शची चढाई बहुधा जुलैच्या सुरुवातीच्या शनिवार-रविवारी असते. ती तारीख धरून नऊ दिवस मागे मोजायचे आणि आधीच्या शनिवारी सुरुवात करायची. शनिवारच का, ते लगेच कळेल.

पहिला दिवस, शनिवार : बॉर्न

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून पीटरबरो साधारण पाऊण-एक तास. बॉर्नला आता रेल्वे नाही, म्हणून पुढे डेलेन कंपनीची बस. रविवारी बस मिळेल असं धरून चालू नये. उलट बॉर्नमधलं पाहण्यासारखं दालन उघडतं ते शनिवार-रविवारी दुपारी, तेही थोडाच वेळ. दोन्ही जुळवायचं तर शनिवार हाच दिवस, आणि पीटरबरोहून सकाळचीच बस.

हे दालन साउथ स्ट्रीटवरच्या बाल्डॉक्स मिल या जुन्या पाणचक्कीत आहे. स्वयंसेवक ते चालवतात. रेमंड मेजच्या आठवणींची खोली इथेच : चषक, छायाचित्रं, गाड्यांचे अवशेष. याच इमारतीत चार्ल्स फ्रेडरिक वर्थचंही दालन आहे. पॅरिसमध्ये उंची फॅशनचा पाया घालणारा हा शिंपी बॉर्नचाच. एवढ्याशा गावातून एक कपड्यांचा वेडा निघाला आणि एक गाड्यांचा.

मेजच्या वडिलांचा धंदा लोकर, कातडी आणि खतांचा. घरात पैसा होता आणि वडिलांनाही मोटारींची हौस होती. मुलगा आउंडल शाळेत गेला, ग्रेनेडियर गार्ड्समध्ये राहिला, नंतर केंब्रिजला क्राइस्ट्स कॉलेजात. आउंडलमध्ये भेटलेला ॲम्हर्स्ट व्हिलियर्स पुढे त्याचा इंजिनांचा कारागीर झाला. ही जोडी लक्षात ठेवा, कारण मेज स्वतः इंजिनिअर नव्हता. योग्य माणूस हेरायचा, त्याच्याकडून काम काढून घ्यायचं, पैसे आणि सुटे भाग गोड बोलून मिळवायचे आणि मग स्वतः गाडी चालवायची, हे त्याचं खरं कसब.

गावात ईस्टगेट हाउस हे मेजचं राहतं घर. त्याच्या मागच्या आवारात आधी ईआरए (इंग्लिश रेसिंग ऑटोमोबाइल्स) आणि नंतर बीआरएम (ब्रिटिश रेसिंग मोटर्स) या शर्यतीच्या गाड्यांचं काम चाललं. जागा खाजगी आहे, रस्त्यावरूनच पाहायची. साउथ रोडला मेज आणि बीआरएमचं स्मारक आहे. सगळं पायी तासाभरात होतं.

दुसरा दिवस, रविवार : फोकिंगहॅम

हा दिवस छोटा. बॉर्नच्या उत्तरेला फोकिंगहॅमचा जुना युद्धकालीन विमानतळ. 15 डिसेंबर 1949 रोजी सोळा सिलिंडरांची बीआरएम इथेच पहिल्यांदा लोकांपुढे आणली. 1500 सीसीचं इंजिन, त्यात हवा दाबून भरणारा रोल्स-रॉइसचा सुपरचार्जर, आणि मागे मेजचं पंचवीस वर्षांचं स्वप्न. पुढच्या ऑगस्टमध्ये सिल्वरस्टोनला पहिल्या शर्यतीत झेंडा पडला आणि गाडी सुरुवातीच्या रेषेवरच थांबली. इंजिन ठणठणीत होतं, पण चाकांपर्यंत ताकद नेणारा भाग तुटला. चढावर जन्म काढलेल्या माणसाला यापेक्षा ओळखीचा अपघात कुठला असणार.

विमानतळ खाजगी मालकीचा आहे. टॅक्सी करून रस्त्यावरून पाहायचं आणि तीच टॅक्सी पीटरबरो स्टेशनापर्यंत ठरवायची.

तिसरा दिवस, सोमवार : ब्रुकलँड्स

लंडन वॉटर्लूहून वेब्रिज अर्ध्या तासावर, स्टेशनापासून संग्रहालय चालत पंचवीस-तीस मिनिटं. 1907 चा हा ट्रॅक 1939 मध्ये बंद पडला. उंच कललेल्या काँक्रीटचा तुकडा सगळे बघतात. आपण टेस्ट हिल बघायची. 1909 मध्ये कारखानदारांना गाड्या तपासता याव्यात म्हणून बांधलेला हा सरळ चढ. लांबी 352 फूट, आणि चढण तीन टप्प्यांत : आधी आठास एक, मग पाचास एक, शेवटी चारास एक. म्हणजे चार फूट पुढे गेलं की एक फूट वर. भोर घाटातली रेल्वे सदतीसास एक चढते, त्यावरून अंदाज करा. खाली येताना हाच उतार ब्रेक तपासायला वापरत.

पायी चढून बघा. शेवटच्या टप्प्यात टाच टेकत नाही. गाडीचंही तसंच, फक्त उलट दिशेनं : चढ जितका उभा तितकं वजन मागच्या चाकांवर येतं, पकड थोडी वाढते आणि पुढची चाकं हलकी होतात. म्हणून त्या काळच्या चढाईच्या गाडीत मागच्या चाकांना ताकद देणं बरोबरच होतं. घात होतो तो रस्ता ओला किंवा खडीचा असला की.

मेजची पहिली शर्यतीची गाडी 1500 सीसीची हिलमन. तिचं नाव त्यानं ‘क्विकसिल्व्हर’ ठेवलं, म्हणजे पारा. 1921 मध्ये ती घेऊन तो ब्रुकलँड्सला आणि विद्यापीठांच्या चढायांना उतरला. ब्रुकलँड्सच्याच आवारात थॉम्सन अँड टेलरचा कारखाना होता. रीड रेल्टननं आखलेली ईआरएची चासी, म्हणजे सांगाडा, तिथे तयार झाली. तिथपर्यंत आपण अजून यायचोय.

चौथा दिवस, मंगळवार : कॉप हिल

मेरिलबोनहून प्रिन्सेस रिझबरो पाऊण तासात. स्टेशनावरून कॉप हिल रोडच्या पायथ्याशी अर्धा तास चालत. हा आजही साधा सार्वजनिक रस्ता आहे, गाड्या वरखाली चालू असतात, म्हणून उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं चालायचं. खाली सौम्य वाटतो, वर गेल्यावर एका ठिकाणी जवळजवळ चारास एक होतो.

28 मार्च 1925. फ्रान्सिस गिव्हीन हा तरुण मेजकडून विकत घेतलेली ब्रेशा बुगाटी ही शर्यतीची गाडी घेऊन चढला. गाडी काठावर गेली, उसळली, आणि प्रेक्षकांपैकी एकाचा पाय मोडला. गाडी मात्र वर पोचली. रॉयल ऑटोमोबाइल क्लबनं त्यानंतर सार्वजनिक रस्त्यांवरच्या वेगाच्या स्पर्धांना परवानगी देणं बंद केलं. दोष एकट्या गिव्हीनचा नव्हता. लोक अगदी कडेला, वळणाच्या बाहेरच्या अंगालाही उभे राहत, आणि मागची चाकं घसरली की गाडी नेमकी बाहेरच्या अंगालाच जाते.

या बंदीचा परिणाम आजही दिसतो. इंग्लंडमधल्या डझनावारी रस्त्यांवरच्या चढाया एका दिवसात संपल्या. खाजगी जमिनीवरची शेल्सली उरली आणि म्हणून मोठी झाली. उत्तर आयर्लंड आणि जर्सीत रस्ता बंद करायचा कायदा वेगळा, म्हणून क्रेगँटलेट आणि बुले बे या चढाया रस्त्यावरच राहिल्या. कॉप हिलवर 2009 पासून सप्टेंबरात जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, पण वेळ मोजत नाहीत.

पाचवा दिवस, बुधवार : केरफिली

पॅडिंग्टनहून वेल्समधलं कार्डिफ दोन तास, तिथून केरफिलीची लोकल वीस मिनिटं. गावातला किल्ला सोडून डोंगराच्या रस्त्याला लागायचं.

मेजकडे दोन ब्रेशा बुगाटी होत्या. एकीचं नाव ‘कॉर्दों रूज’, दुसरीचं ‘कॉर्दों ब्लू’. पहिलं शँपेनवरून, दुसरं ब्रँडीवरून. ब्रेशाचं इंजिन 1496 सीसी, चार सिलिंडर, प्रत्येकी चार व्हॉल्व्ह. त्या काळी एवढे व्हॉल्व्ह चैनीतच मोडायचे. व्हिलियर्सनं ते आणखी जलद फिरेल असं केलं आणि इंधनात अल्कोहोल आणलं. अल्कोहोल जळण्याआधी भरपूर उष्णता शोषतं, इंजिन आतून थंड राहतं, त्यामुळे दाब वाढवता येतो. किंमत अशी की पेट्रोलच्या दुपटीच्या आसपास इंधन जातं आणि कार्ब्युरेटरचे जेट मोठे करावे लागतात. जेट बदलायला विसरलं तर मिश्रण पातळ होतं आणि पिस्टनला भोक पडतं.

ताकद वाढली, पण मागचा ॲक्सल मूळचाच. 1924 मध्ये केरफिलीच्या चढावर कॉर्दों ब्लूचा मागचा अर्धा ॲक्सल तुटला आणि मागचं चाक सुटून गाडीच्या पुढे पळालं. छायाचित्रकारानं नेमका तोच क्षण टिपला. मोटार शर्यतीच्या जुन्या छायाचित्रांत याहून प्रसिद्ध फार थोडी असतील. या गाडीला पुढच्या चाकांना ब्रेक नव्हते. पायाचा ब्रेक गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवर, हाताचा मागच्या चाकांवर. अर्धा ॲक्सल तुटला की डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) मोकळं फिरतं, म्हणजे पायाचा ब्रेक गेलाच. हाताचा उरला तो एका चाकावर. चढ होता म्हणून गाडी थांबली आणि मेज सुखरूप उतरला.

तुटतं कसं? ॲक्सलचा शाफ्ट चाकाच्या बाजूला निमुळता होतो आणि त्यात चावीसाठी खाच असते. खाचेचा कोपरा धारदार असला की पीळ तिथे एकवटतो. दर सुरुवातीला क्लच धाडकन सुटतो, चाक पकड घेतं, सुटतं, पुन्हा घेतं. असे झटके बसले की खाचेतून केसाएवढी चीर सुरू होते आणि पुढच्या एखाद्या चढावर तुकडा पडतो. आजही जुन्या गाड्यांचे मालक हंगामाआधी शाफ्ट काढून चिरा तपासून घेतात. जुना शाफ्ट दिसायला चांगला म्हणून परत बसवणं हा आळस महागात पडतो.

सहावा दिवस, गुरुवार : प्रेस्कॉट

कार्डिफहून चेल्टनम दीड तास, पुढे टॅक्सीनं गॉदरिंग्टनच्या बाजूला प्रेस्कॉट. बुगाटी मालकांच्या क्लबनं ही जमीन घेतली आणि 1938 पासून इथे चढाई सुरू झाली. मुळात 880 यार्ड. 1960 मध्ये नवं वळण जोडून 1127 झाले. आवारातलं बुगाटी ट्रस्टचं छोटं प्रदर्शन आठवड्याच्या दिवशी उघडं असतं, म्हणून गुरुवार. केरफिलीला ज्याचा उल्लेख झाला तो ब्रेशाचा मागचा ॲक्सल कसा असतो ते समजून घ्यायला ही योग्य जागा. विचारलं तर तिथली मंडळी उत्साहानं सांगतात.

रस्त्यावर जायची मुभा असेल तर पार्डन या केसाच्या पिनेसारख्या वळणापाशी उभं राहा. वळताना आतल्या बाजूचं मागचं चाक हलकं होतं. साधं डिफरन्शियल ताकद सोप्या वाटेनं पाठवतं, म्हणजे याच हलक्या चाकाकडे. ते भुर्रकन फिरतं, धूर निघतो आणि गाडी जागच्या जागी. उपाय दोन. एक तर डिफरन्शियलच काढून टाकायचं, जसं साखळीवर चालणाऱ्या जीएन आणि फ्रेझर नॅश गाड्यांत असे; मग वळताना गाडी नाकासमोर जायला बघते आणि ती मागून घसरवूनच वळवावी लागते. नाहीतर धीर धरायचा आणि वळण सुटेपर्यंत पाय हलका ठेवायचा. दुसरा उपाय ऐकायला सोपा आहे.

सातवा दिवस, शुक्रवार : वूस्टर

चेल्टनम ते वूस्टर रेल्वेनं अर्धा तास. इथे गाडी भाड्यानं घ्यायची, कारण शेल्सलीला सार्वजनिक वाहनानं जाणं जमत नाही. पर्यटकाला भारतीय परवान्यावर 12 महिने चालवता येतं आणि रस्ता आपल्यासारखाच डावीकडून. रबरी तळव्याचे उंच बूट, रेनकोट आणि कानात घालायचे बोळे घेऊन ठेवा. संध्याकाळी आराम.

आठवा दिवस, शनिवार : शेल्सली, सराव

वूस्टरहून मार्टलीच्या रस्त्यानं सुमारे दहा मैल. टीम नदीच्या काठी एक शेतवाडी, जुनं चर्च, पाणचक्की, आणि त्यांच्या मधून झाडीत शिरणारा हा चढ. मिडलंड ऑटोमोबाइल क्लबनं 12 ऑगस्ट 1905 ला इथे पहिली चढाई घेतली. त्या दिवशीची सर्वोत्तम वेळ अर्नेस्ट इन्स्टोनची, डेमलर गाडीत 77.6 सेकंद. 1907 पासून लांबी नेमकी 1000 यार्ड, म्हणजे 914 मीटर. चढ एकूण 328 फूट. सरासरी नवास एक, सर्वांत उभ्या ठिकाणी सहास एक. केनेल, क्रॉसिंग, मग बॉटम एस डावीकडे, टॉप एस उजवीकडे आणि शेवटची सरळ रेघ. रस्ता इतका अरुंद की चूक दुरुस्त करायला जागाच नाही.

सरावाच्या दिवशी पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या तयार करायच्या आवारात, गाड्यांजवळ जाता येतं. सकाळी नाकाला पहिल्यांदा कळतं. भाजलेलं एरंडेल! जुन्या इंजिनांत एरंडेलाचं वंगण अजून घालतात, कारण तापलं तरी त्याचा थर फाटत नाही. गोम अशी की ते खनिज तेलात मिसळत नाही आणि गाडी नुसती उभी राहिली की आत चिकटा धरतो. म्हणून चढाई झाली की तेल गरम असतानाच काढून टाकायचं.

दुसरी बघण्यासारखी गोष्ट स्पार्क प्लग. इंजिन तापवताना ‘मऊ’ प्लग, जे थंड इंजिनात काळे पडत नाहीत. रांगेत पुढे सरकलं की ते काढून ‘कडक’ प्लग, जे पूर्ण ताकदीत वितळत नाहीत. कडक लावून रांगेत दहा मिनिटं थांबावं लागलं तर ते तेलकट होतात आणि गाडी रेषेवर खोकत बसते. सहा सिलिंडर, सहा प्लग, हातात जाड मोजे, तापलेलं ॲल्युमिनियम. घाईत प्लग तिरका लागला की आटेच गेले.

आणि जोड चाकं. चढाईच्या काही जुन्या गाड्यांना मागे प्रत्येक बाजूला दोन-दोन चाकं दिसतील. 1922 च्या टीटी (टुरिस्ट ट्रॉफी) शर्यतीसाठी बांधलेली तीन लिटरची व्हॉक्सहॉल व्हिलियर्सनं सुपरचार्जर लावून पार बदलली. ‘व्हॉक्सहॉल-व्हिलियर्स’ म्हणून ती ओळखली जाई. एवढी ताकद एका अरुंद टायरवर मावेना, म्हणून मेजनं शेल्सलीसाठी मागे जोड चाकं लावली. 1929 मध्ये 45.6 सेकंदांचा विक्रम झाला, आणि तोवर हा चढ ज्याच्या मालकीचा वाटत होता त्या बेसिल डेव्हनपोर्टच्या हलक्या ‘स्पायडर’चा 46.2 मागे पडला. जोड चाकं फुकट मिळत नाहीत. फिरणारं वजन वाढतं, बाहेरचं चाक ॲक्सलला लांब तरफेनं पिळतं, आणि रुंदी वाढल्यानं टॉप एसला बाहेरच्या बांधाशी गाठ पडते. टायरमधली हवा कमी ठेवली की पकड वाढते, पण मग टायर रिमवरच सरकतं आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतं. म्हणून रिमला टायर धरून ठेवणारे बोल्ट लावतात. ते आवळायचे राहिले का, हे बघत जा. पॅडॉकमधली निम्मी धावपळ त्याचीच असते.

नववा दिवस, रविवार : शेल्सली, चढाई

आधी सुरुवातीच्या रेषेजवळ जागा धरा, वर नंतर जायचं. चालक येतो, रेषेवर थांबतो, एक जण मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवतो म्हणजे गाडी मागे येत नाही आणि दोन्ही पाय मोकळे राहतात. दिवा हिरवा झाला की लगेच सुटायचं बंधन नाही. गाडीच्या पुढे लावलेल्या काळ्या पट्टीनं प्रकाशाची रेघ कापली की घड्याळ सुरू. पहिल्या 64 फुटांची वेळ वेगळी मोजतात. चालक आधी तीच विचारतात.

1930 मध्ये जर्मनीचा हान्स स्टूक ऑस्ट्रो-डेमलर घेऊन आला आणि 42.8 मारून गेला. इंग्रजांचं नाक कापलं गेलं. मेजचं उत्तर यायला वेळ लागला. 1933 मध्ये रायलीच्या सहा सिलिंडरांच्या 1500 सीसी इंजिनाला सुपरचार्जर बसवून ‘व्हाइट रायली’ तयार झाली, आणि तिच्यावरूनच त्या वर्षीच्या नोव्हेंबरात हम्फ्री कुकच्या पैशांवर ईआरए कंपनी उभी राहिली. मे 1935 मध्ये मेज 39.6 सेकंदांत वर पोचला. चाळिसाच्या आत येणारा तो पहिला. स्टूक 1936 मध्ये परत आला, या वेळी सोळा सिलिंडरांची ऑटो युनियन घेऊन, मागे जोड चाकं लावून. पाऊस पडला. मागची चाकं नुसती फिरत राहिली आणि त्याची स्वतःची 1930 ची वेळही त्याला गाठता आली नाही.

ईआरए दिसली तर तिच्या चालकाचा डावा पाय बघा. या गाडीत नेहमीचा क्लच नाही. विल्सनच्या प्रीसिलेक्टर गिअरबॉक्समध्ये पुढचा गिअर आधीच दांड्यानं निवडून ठेवायचा आणि पेडल दाबून सोडलं की तो लागतो. बॉटम एसला शिरण्याआधीच खालचा गिअर निवडलेला असतो, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि वळणात फक्त पाय हलतो. सुरुवातीला पहिल्या गिअरला आवळून धरणारा पट्टा स्वतःच क्लचचं काम करतो. पेडल हळूहळू सोडलं तर पट्टा घसरत जळतो, एकदम सोडलं तर चाकं फिरतात. मधली जागा जेमतेम बोटभर. पट्टा झिजला की गाडी आवाज करते पण पुढे सरकत नाही. मेजची खास चढाईची ईआरए होती आर-फोर-डी, दोन लिटरची. 1937 मध्ये फेन या चालकानं फ्रेझर नॅशमधून 38.77 करून विक्रम हिसकावला होता. आर-फोर-डीनं 1939 पर्यंत तो 37.37 वर आणला, म्हणजे उभ्या जागेवरून सुरू करून सरासरी ताशी 88 किलोमीटर. हा आकडा युद्धानंतर 1949 पर्यंत टिकला. तोवर मेज दोन अजिंक्यपदं घेऊन, वयाच्या पन्नाशीला टेकून, बीआरएमच्या मागे लागला होता.

दुपारी टॉप एसला चढा. वाट उभी आणि निसरडी. जेवण सोबत घ्या, वर काही मिळत नाही असं समजूनच.

परत निघताना शेवटची अडचण. गाड्या लावायचं कुरण उताराचं आहे आणि पावसानंतर गवताचं लोणी होतं. भाड्याच्या गाडीची बहुतेक वेळा पुढची चाकं फिरतात, म्हणून वर तोंड करून लावू नका. चढावर वजन मागे जातं आणि पुढची चाकं मोकळी फिरतात. उताराकडे तोंड करून लावायची, दुसऱ्या गिअरवर, क्लच हळू सोडत, ॲक्सिलरेटरला जवळजवळ पाय न लावता. फिरायला लागलीच तर लगेच थांबायचं. जोर लावला की चाक स्वतःचा खड्डा स्वतःच खणतं, आणि मग ट्रॅक्टरची वाट बघत बसायचं.